निरोगी ठरवलेली आई

अब्राहम कोलेस हे डब्लिनचे नामवंत शल्यवैद्य. १८३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक निरीक्षण नोंदवले. आईबापांचा सिफिलिस घेऊन जन्मलेले मूल पगारी दाईच्या अंगावर पाजायला दिले, की काही आठवड्यांत त्या धडधाकट दाईच्या स्तनावर चट्टा उठतो आणि पुढे तिला या रोगाची लक्षणे दिसू लागतात. तेच मूल स्वतःच्या आईला पीत असेल, तर आईला मात्र काही होत नाही. निरीक्षण अचूक होते आणि पुढची सुमारे सत्तर वर्षे ते ‘कोलेसचा नियम’ या नावाने वैद्यकात शिकवले गेले. त्याचा अर्थ आज सरळ दिसतो. आईला नव्याने लागण होत नाही, कारण रोग तिच्या अंगात आधीपासूनच मुरलेला आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या अनेक मातब्बर वैद्यांनी नेमका उलटा अर्थ लावला. आई निरोगीच आहे, रोग बापाच्या वीर्यातून थेट गर्भात उतरला आणि गर्भामुळे आईला त्याच्यापासून संरक्षण मिळाले, असे त्यांनी मानले. जिच्या पोटी एकामागून एक मेलेली मुले जन्मत होती, ती बाई पुस्तकातल्या नियमाने निरोगी ठरली.

गरोदर बाईतला सिफिलिस इतकी वर्षे नजरेतून सुटला, याचे कारण साधने नव्हती एवढेच देऊन भागत नाही. या रोगाकडे पाहणारे वैद्य, कायदे करणारे सरकार आणि घरातली वडीलधारी माणसे, सगळेच आधी दोषी कोण ते शोधत होते. दोषी बाई वेश्यावस्तीत असते आणि घरातली बाई निर्दोष असते, ही वाटणी डोक्यात पक्की असली की घरातल्या बाईचे रक्त तपासावे असे सुचतच नाही. सुचले तरी तिच्यासमोर तो विषय काढणे म्हणजे तिच्यावर किंवा तिच्या नवऱ्यावर आरोप करणे होते. म्हणून या रोगाच्या इतिहासात खरे वळण औषधाने आले त्याहून अधिक एका साध्या कामाच्या पद्धतीने आले: जी गरोदर बाई दवाखान्यात येईल तिचे रक्त तपासायचे, का ते विचारायचे नाही आणि तिला सांगायला लावायचेही नाही.

आई आणि मूल या रोगाने एकत्र बांधलेले आहेत, हे कोलेसच्या आधीही लोकांना दिसत होते. पॅरिसच्या अनाथालयात टाकून दिलेली सिफिलिसग्रस्त तान्ही मुले खेड्यापाड्यांतल्या दायांकडे पाठवली जात. त्या दायांना रोग होई आणि त्यांच्यामार्फत तो त्यांच्या नवऱ्यांपर्यंत व मुलांपर्यंत पोचे. यावर उपाय म्हणून १७८० साली पॅरिसजवळ व्होजिरार येथे एक रुग्णालय उघडले. तिथे रोग झालेल्या गरीब गरोदर बायांना दाखल करून घेत. बाळंत झाल्यावर त्या आपल्या मुलाबरोबर अनाथालयातले एक रोगी मूलही अंगावर पाजत. बाईच्या अंगाला पाऱ्याचे मलम चोळायचे, पारा दुधात उतरेल आणि दुधातून मूल बरे होईल, अशी त्यामागची कल्पना होती. पाऱ्याने तोंड येते, हिरड्या सुजतात, दात हलू लागतात, तोंडातून सतत लाळ गळते. अशा अवस्थेत त्या बाया दोन-दोन मुलांना पाजत होत्या आणि त्यातली बरीच मुले तरीही दगावत होती. व्होजिरारमध्ये आई दाखल झाली ती औषध मुलाच्या पोटात पोचवण्याचे साधन म्हणून. तिचा स्वतःचा आजार आणि तिचे पुढचे बाळंतपण यांचा विचार त्या व्यवस्थेत दुय्यम होता. काही वर्षांनी प्रयोग गुंडाळला गेला, दायांना होणाऱ्या लागणीचे खटले मात्र पुढे शतकभर फ्रान्सच्या कोर्टांत चालत राहिले. दाईची लागण कोर्टात उभी राहू शकली, कारण तिथे नुकसानभरपाई मागणारी आणि देणारी अशा दोन बाजू होत्या. नवऱ्याकडून बायकोला झालेल्या लागणीला असा दरवाजा सहसा नव्हता. डॉक्टरने नवऱ्याचे गुपित बायकोपासून राखायचे, हा व्यवसायाचा धर्म मानला जात होता. आल्फ्रेद फूर्निये यांनी १८८० साली सिफिलिस आणि विवाह यावर ग्रंथ लिहिला. रोगी पुरुषाने काही वर्षे उपचार घेतल्याशिवाय बोहल्यावर चढू नये, असा त्यांचा आग्रह होता. पण आधीच लग्न झालेल्या बाईला खरे कळावे की नाही, हा प्रश्न नवऱ्याच्या मर्जीवरच राहिला.

कोलेसच्या नियमाचा खुलासा १९०६ नंतर झाला. त्याच्या आदल्या वर्षी शाउडिन आणि हॉफमान यांना बर्लिनमध्ये या रोगाचा स्क्रूसारखा पीळ असलेला जंतू सापडला होता. १९०६ मध्ये आउगुस्त फॉन वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तावरून रोग ओळखण्याची चाचणी बसवली. तिची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. मेंढीच्या तांबड्या पेशी, गिनीपिगचे रक्तद्रव, तपासायच्या माणसाचे रक्त आणि या सगळ्यांबरोबर एक अर्क लागे. हा अर्क सिफिलिसने मृत जन्मलेल्या अर्भकाच्या यकृतापासून काढलेला असे, कारण त्या यकृतात जंतू खच्चून भरलेले असतात. पुढे निरोगी प्राण्याच्या हृदयापासून काढलेला अर्कही तितकेच काम देतो असे आढळले आणि आजची व्हीडीआरएल चाचणी त्याच वाटेने आली. पण पहिली चाचणी अक्षरशः या रोगाने गेलेल्या मुलांच्या देहातून तयार झाली होती. ती त्यांच्या ‘निरोगी’ आयांवर करून पाहिली, तेव्हा बहुसंख्य आयांचे रक्त रोगाची साक्ष देऊ लागले. बापाच्या वीर्यातून थेट गर्भात उतरणारा सिफिलिस हा प्रकारच नव्हता. रोग नवऱ्याकडून बायकोकडे येत होता, तिच्या अंगात गुपचूप राहत होता आणि वारेतून गर्भात शिरत होता.

इथे एक आक्षेप रास्त आहे. जंतू ठाऊक नव्हता, रक्ताची चाचणी नव्हती, मग १८३७ च्या माणसाने आणखी काय करायला हवे होते? आजच्या ज्ञानाच्या उंचीवरून त्यांना बोल लावणे अन्याय्य आहे, हे मला मान्य आहे. तरीही दाई आणि आई यांच्यातला फरक डोळ्यांसमोर होता, त्याचे दोन खुलासे शक्य होते आणि दोन्ही त्या काळात मांडले गेले. देवी एकदा येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवी येत नाहीत, हे तर प्रत्येक वैद्याला माहीत होते. तोच न्याय आईला लावणारेही काही जण होते आणि अशा आयांना पारा देणारेही होते. पण कुलीन घरातल्या पत्नीचे शरीर निष्कलंक ठेवणारा खुलासा पुस्तकांत वरचढ ठरला. आक्षेपाचे दुसरे उत्तर चाचणीनंतरच्या काळात मिळते. साधन हाती आल्यावर तरी सगळ्या गरोदर बायांची तपासणी सुरू झाली का? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे प्रसूतितज्ज्ञ विट्रिज विल्यम्स यांनी १९१५ साली लागोपाठच्या १०,००० प्रसूतींचा हिशेब मांडला. त्यात ७०५ मुले गर्भात किंवा जन्मानंतर लगेच दगावली होती आणि त्यांतल्या सुमारे पाव मृत्यूंचे कारण सिफिलिस होते. इतर कोणत्याही एका कारणाने इतकी मुले गेली नव्हती. वासरमान चाचणीला तोवर नऊ वर्षे झाली होती, एर्लिख यांचे साल्वर्सान हे आर्सेनिकचे औषध बाजारात येऊन पाच. तरीही प्रत्येक गरोदर बाईची तपासणी कायद्याने व्हायला आणखी दोन तपे गेली. ही दोन तपे अज्ञानाच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

आपल्याकडची हकिगत याच धाग्याची आहे, फक्त इथे वैद्याच्या जोडीला सरकार आणि छावणी आहे. पोर्तुगीज आल्यानंतर हा रोग पश्चिम किनाऱ्याने आत पसरला आणि सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त फिरंग रोग म्हणून त्याचे वर्णन केले. फिरंग्यांच्या संगतीने होणारा रोग, आणि उपाय पाऱ्याचे कल्प व चोपचिनी. चिनी व्यापारातून आलेल्या याच मुळीची चर्चा गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात सापडते. दोन्हीकडे रोगाचा मार्ग परक्याशी झालेल्या संगाचा आहे, घरातल्या माजघराचा नाही. इंग्रजांनी हीच नजर कायद्यात बसवली. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंद, ठरावीक मुदतीने तपासणी आणि रोग आढळल्यास लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांच्या इस्पितळात, सक्तीने ठेवणे हे सगळे आले. मुंबईत तो १८७० साली लागू झाला, दोन वर्षांत थांबला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ मध्ये देशभरच मागे घेतला गेला. ब्रिटिश सैन्यात शिपायांची नियमित तपासणी मात्र त्यांचा स्वाभिमान दुखावतो म्हणून १८५९ च्या सुमारास सोडून दिली होती. रोग दोघांच्या देहांत फिरत होता आणि तपासणी एकाच देहाची होत होती.

या कायद्याची बाजू घेणारे एक आकडा पुढे करीत, तो टाळून चालणार नाही. कायदा गेल्यानंतर भारतातल्या गोऱ्या फौजेत गुप्तरोगाने इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण वाढत जाऊन १८९५ साली दर हजारी पाचशेच्या वर गेले. म्हणजे तपासणी उपयोगी होती, असे त्यांचे म्हणणे. पुढे १८९७ नंतर काही नियम वेगळ्या नावाने परत आले, फौजेतले राहणीमान आणि उपचारही सुधारले, आणि पहिल्या महायुद्धाआधी हेच प्रमाण शंभराच्या खाली आले. श्रेय कशाला किती, हा वाद इतिहासकारांत आजही चालू आहे आणि तो इथे मिटवण्याची मला गरज वाटत नाही. मला त्या तक्त्याचा रकाना महत्त्वाचा वाटतो. शिपाई किती दिवस अंथरुणाला खिळला याचा हिशेब दशांशापर्यंत ठेवला जाई, कारण आजारी शिपाई म्हणजे सरकारचे नुकसान. तोच शिपाई किंवा छावणीच्या आसपासचा कारागीर, गाडीवान, बाजारातला दुकानदार घरी परतल्यावर त्याच्या बायकोचे किती गर्भ गेले, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. यश-अपयश मोजण्याचे मापच पुरुषाच्या नोकरीचे होते. त्यामुळे कायदा यशस्वी झाला असे म्हणा किंवा फसला असे म्हणा, गरोदर बाई दोन्ही निकालांच्या बाहेर राहिली.

घरात या रोगाची नोंद वेगळ्या तऱ्हेने होत होती. उपचार न झालेल्या सिफिलिसची एक ठरावीक चाल असते, ती व्हिएन्नाच्या मॅक्स कासोविट्झ यांनी १८७० च्या दशकात मांडली. पहिले दिवस अर्ध्यावर जातात, मग एखादे मूल सातव्या-आठव्या महिन्यात मृत जन्मते, मग एखादे जिवंत जन्मून नाक वाहत, अंगावर चट्टे येऊन महिन्या-दोन महिन्यांत जाते आणि वर्षे लोटली की रोगाचा जोर ओसरून पुढचे एखादे मूल वरवर तरी सुदृढ जन्मते. आता महाराष्ट्रातल्या जुन्या घरांची रीत आठवावी. मुले जगत नाहीत म्हणून नवस बोलायचा, जन्मलेल्या मुलाला दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवायची, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडणार नाही. ही सगळी मुले सिफिलिसने जात होती असे कुणी म्हणणार नाही. धनुर्वात, हगवण, देवी, उपासमार ही कारणे कितीतरी मोठी होती. पण ज्या घरात हा रोग होता, त्या घरात त्याची चाल नवसाला यश देणारीच होती. तीन-चार मुले गेल्यावर धोंडू जगला, नवस पावला, आणि आधीची मुले कशाने गेली ते विचारण्याचे कारणच उरले नाही. तोवरचा दोष सुनेच्या पदरात पडलेला असे: तिची कूस चांगली नाही, ती पांढऱ्या पायाची, तिला काहीतरी बाधा आहे. नवऱ्याच्या अंगातली ‘गरमी’ वैद्याला ठाऊक असे, कधी त्याच्या मित्रांना ठाऊक असे. सुनेच्या गेलेल्या मुलांशी तिचा धागा जोडणारे घरात कोणी नव्हते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात गुप्तरोगांबद्दल उघडपणे लिहिले, ते हा धागा जोडण्याचेच काम होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. लैंगिक बाबींविषयी स्वच्छ शब्दांत लिहिणे त्या काळी किती महाग पडे, हे त्या खटल्यांवरून कळते.

संशय न घेता तपासणी करण्याची कल्पना कायद्यात आली ती १९३८ साली, अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड आणि न्यूयॉर्क राज्यांत. त्याआधी टॉमस पॅरन या सर्जन जनरलनी सिफिलिस हा शब्द वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर उच्चारायला लावण्यासाठी मोठी झुंज दिली होती. न्यूयॉर्कच्या कायद्यातले एक कलम मला फार शहाणपणाचे वाटते. बाळाच्या जन्मदाखल्यावर आईच्या रक्ताची तपासणी झाली की नाही आणि कधी झाली एवढेच लिहायचे, निष्कर्ष काय आला ते लिहायचे नाही. तपासणी सक्तीची आणि निकाल खाजगी. सगळ्यांचीच तपासणी होते म्हटल्यावर डॉक्टरला अवघडलेपण उरले नाही आणि बाईला अपमान वाटण्याचे कारण उरले नाही. याच काळात लग्नाआधीच्या सक्तीच्या रक्ततपासणीचे कायदेही बऱ्याच राज्यांनी केले. त्या कायद्यांचा हेतू दाराशी उभे राहून रोग्याला लग्नात शिरू न देण्याचा होता. लोक शेजारच्या राज्यात जाऊन लग्ने लावू लागले, सापडणारे रोगी थोडे निघाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक राज्यांनी ते रद्द केले. गरोदरपणीची तपासणी टिकली, कारण तिच्यामागे कुणाला अडवायचे नव्हते. बाईच्या पोटातले मूल वाचवायचे होते आणि त्यासाठी तिने दाराशी येणे पुरेसे होते.

१९४३ साली जॉन महोनी यांनी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर चार रोग्यांना पेनिसिलिन देऊन सिफिलिस बरा करून दाखवला, आणि आर्सेनिकच्या इंजेक्शनांचे महिनोन्‌महिने चालणारे हाल संपले. पेनिसिलिन वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते, त्यामुळे एकाच औषधाने आई आणि मूल दोघांचा इलाज होतो. इतके चांगले औषध मिळूनही दोषाची नजर सुटली नाही, याचा सर्वांत कठोर पुरावा अलाबामातल्या टस्कीगीचा आहे. तिथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता रोग कसा वाढतो ते सरकारी आरोग्यखात्याने पाहिले. हा अभ्यास पुरुषांचा म्हणून सांगितला जातो. पण त्या पुरुषांना बायका होत्या, त्या गरोदर राहत होत्या. १९७५ साली सरकारने या प्रकरणी द्यायच्या वैद्यकीय मदतीत त्यांच्या बायका, विधवा आणि मुले यांचा समावेश केला, म्हणजे रोग कुठवर गेला होता ते सरकारलाही मान्य करावे लागले. अभ्यासाच्या आराखड्यात मात्र त्या बायांना जागा नव्हती.

आज कोणी म्हणेल, हे सगळे झाले. आता हजारात एखाद-दुसऱ्या गरोदर बाईला हा रोग निघतो, मग प्रत्येकीच्या रक्तावर खर्च कशाला, धोका असेल तिचीच तपासणी करावी. पैशाची चणचण असलेल्या आरोग्यव्यवस्थेत हा प्रश्न गैर नाही. पण ‘धोका असलेली बाई’ कोण हे ठरवायला बसलो, की आपण पुन्हा १८६८ च्या कायद्याच्या नोंदवहीशी येऊन पोचतो. जिला आपल्या नवऱ्याचे बाहेरचे संबंध माहीत नाहीत तिला आपल्याला धोका आहे हे कुठून कळणार? शिवाय आकडे उलट दिशेला बोट दाखवतात. अमेरिकेत २०१२ साली जन्मजात सिफिलिसची ३३५ मुले नोंदली गेली आणि २०२२ साली ३,७०० हून अधिक. त्यांतल्या जवळपास नव्वद टक्के मुलांच्या बाबतीत आईची वेळेवर तपासणी व उपचार झाले असते तर हे टळले असते, असे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचे म्हणणे आहे. पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे जिथे सिद्ध झाले, त्याच देशातली ही गत आहे. उलट क्यूबाने २०१५ मध्ये आणि श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून मुलाकडे जाणारा सिफिलिस व एचआयव्ही थांबवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवली. ही मान्यता मिळवण्यासाठी गरोदर बायांपैकी किमान ९५ टक्के दवाखान्यात यायला हव्यात, तितक्याच प्रमाणात त्यांची तपासणी आणि रोग निघालेल्यांवर उपचार व्हायला हवेत. श्रीलंका श्रीमंत देश नाही. तिच्याकडे गावोगाव जाणाऱ्या प्रशिक्षित सुईणींची जुनी फळी आहे. जगभरात २०१६ साली या रोगाने सुमारे १,४३,००० गर्भ पोटातच गेले किंवा मृत जन्मले आणि ६१,००० नवजात दगावले, असा अंदाज आहे. ज्या औषधाने हे टळते ते बेंझाथीन पेनिसिलिन स्वस्त आहे, आणि त्यात फारसा नफा नसल्याने बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, त्यामुळे अधूनमधून अनेक देशांत त्याचा तुटवडा पडतो.

एक आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. तपासणी शेवटी बाईचीच होते. तिचे रक्त आधी तपासले जाते, म्हणून रोग आधी तिच्यात ‘सापडतो’, आणि ज्या घरात पूर्वी कूस खराब ठरत होती तिथे आता तिच्यावर रोग आणल्याचा ठपका येतो. सगळ्यांची तपासणी केल्याने दवाखान्यातला संशय जातो, घरातला जाईलच असे नाही. हे खरे आहे आणि याचे उत्तर तपासणी कमी करण्यात नाही, नवऱ्याला त्याच दिवशी त्याच खोलीत बोलावण्यात आहे. वैद्यकीय गरजही तीच सांगते. बाईला चोवीस लाख युनिटची सुई देऊन ती बरी झाली, पण नवऱ्यावर उपचार झाले नाहीत तर बाळंतपणाआधी तिला पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून जिथे हा रोग जास्त आहे तिथे शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीच्या वेळी रक्त पुन्हा तपासावे असे सांगतात. पहिल्या भेटीतल्या सुईनंतर पोटातल्या मुलाची खात्री द्यायची तर प्रसूतीला किमान तीस दिवस बाकी असावे लागतात. या तीस दिवसांत नवऱ्याला दवाखान्यात आणण्याचे काम बहुतेक ठिकाणी अजूनही त्या गरोदर बाईवरच सोपवलेले असते, आणि ते दवाखान्याने आपल्या अंगावर घेतल्याशिवाय एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही वाटणी मोडणार नाही.